मेडिकल कॉलेजात एक चित्रकार पाहिजेच

फर्स्ट इयर एमबीबीएसच्या पोरांना अ‍ॅनाटॉमीच्या जर्नलमध्ये, म्हणजे शरीररचनेच्या वहीत, हाताने चित्रं काढायला लावायची की नाही यावर आपल्याकडे अधूनमधून वाद होतो आणि दर वेळी एकाच जागी येऊन अडतो. एक बाजू म्हणते, आता थ्रीडी अ‍ॅप आहेत, डिजिटल डिसेक्शन टेबल आहेत, बोट लावलं की मसल वर येतो आणि नाव दिसतं, मग रात्री दोन-दोन वाजेपर्यंत कलर पेन्सिली घासून काय मिळणार. दुसरी बाजू म्हणते, आम्ही काढली, आता तुम्ही काढा. मला दोन्ही बाजू अपुऱ्या वाटतात, कारण दोघंही फक्त चित्राबद्दल बोलतात आणि चित्रावर जी अक्षरं असतात, ती नावं, त्या रेघा, ते बाण, त्याकडे कुणीच बघत नाही. माझं शिक्षण अप्लाइड आर्टचं, आयुष्य नागपुरात बोर्ड, बॅनर, पुस्तकांची कव्हरं करण्यात गेलं, म्हणून माझं लक्ष आधी अक्षरांकडे जातं हे खरं, पण या बाबतीत ते योग्य जागी जातं असं मला ठामपणे वाटतं. शरीरातल्या एखाद्या गोष्टीचं नाव नेमकं कुठे लिहायचं, केवढं लिहायचं, कोणत्या दिशेने लिहायचं, हे ठरवताना माणसाला ती गोष्ट पूर्ण समजावी लागते, आणि हे काम एकट्या डॉक्टरचं नाही तसं एकट्या चित्रकाराचंही नाही. म्हणून आपल्या मेडिकल कॉलेजांमध्ये चित्रकार असला पाहिजे, आणि चित्रकला कॉलेजच्या पोरांना अ‍ॅनाटॉमीच्या हॉलमध्ये जागा असली पाहिजे.

महाराष्ट्रातल्या शाळांमध्ये आपण सगळे या दोन गोष्टींच्या मधूनच गेलेलो आहोत. सायन्सच्या पेपरात 'नामनिर्देशित आकृती काढा' असं यायचं, हृदय काढा, मूत्रपिंड काढा, फूल काढा, आणि नावं लिहिली नाहीत तर चित्र कितीही चांगलं असो मार्क कटायचे. त्याच वर्षांत कुणी एलिमेंटरी, इंटरमिजिएटला बसलं असेल तर तिथे भूमिती आणि अक्षरलेखन एकाच पेपरात असतं. कंपासने काढायचा षटकोन आणि पट्टीने बांधायचं अक्षर एकाच उत्तरपत्रिकेवर, म्हणजे ज्यांनी ही परीक्षा आखली त्यांना अक्षर ही मोजमापाची गोष्ट आहे हे माहीत होतं. मग दहावी होते, पोट्टे बायोलॉजी घेऊन एकीकडे जातात आणि ड्रॉइंगवाले दुसरीकडे, आणि पुढे आयुष्यभर एकमेकांच्या वर्गात पाय ठेवत नाहीत. युरोपात जुन्या काळी हे असं तुटलेलं नव्हतं. जर्मन चित्रकार अल्ब्रेख्त ड्यूररने १५२५ साली कंपास-पट्टीने रोमन अक्षरं कशी बांधायची ते छापलं आणि १५२८ साली त्याचंच माणसाच्या शरीराच्या प्रमाणांवरचं पुस्तक निघालं. पॅरिसच्या जॉफ्रॉय तोरीने १५२९ मध्ये अक्षरांची प्रमाणं थेट माणसाच्या देहावर आणि चेहऱ्यावर बसवून दाखवली. आपल्याकडेही मूर्तिशास्त्रात तालमान आहे, चेहऱ्याच्या मापाने पूर्ण शरीर मोजायचं. इथे नागपुरात मूर्तिकारांच्या चितार ओळीत जाऊन दुर्गेची मूर्ती घडताना बघा, आधी आतला सांगाडा, मग माती, मग बोटांची पेरं, आणि हे सगळं मापातच चालतं.

आता शरीराच्या चित्रावर अक्षरं कशी आली हे जरा नीट सांगतो, कारण माझा सगळा मुद्दा तिथेच आहे. व्हेसालियस या डॉक्टरचं शरीररचनेवरचं मोठं पुस्तक १५४३ साली बासेलला छापलं गेलं, तेव्हा तो फक्त २८ वर्षांचा होता. त्यातली मसलवाली माणसं आपण सगळ्यांनी कुठे ना कुठे पाहिली आहेत, मागे डोंगर-गावं आणि पुढे कातडी काढलेला माणूस उभा. त्या माणसाच्या अंगावर बारीक बारीक अक्षरं विखुरलेली आहेत, लॅटिन आणि ग्रीक, आणि कोणतं अक्षर म्हणजे काय याची यादी वेगळी छापलेली. म्हणजे वाचणाऱ्याने चित्रात अक्षर शोधायचं, मग यादीत जायचं, मग परत चित्रात यायचं. शेडिंगच्या काळ्या रेघांमध्ये ती अक्षरं हरवतात. त्याच पुस्तकात प्रकरणाच्या सुरुवातीची जी मोठी सजवलेली अक्षरं आहेत त्यांच्यात गुटगुटीत बाळं डिसेक्शनची कामं करताना दाखवली आहेत, म्हणजे शरीर आणि अक्षर यांना एकत्र आणायची ओढ तेव्हाही होती, फक्त एका जागी अक्षर चित्राचं घर झालं आणि दुसऱ्या जागी ते चित्रात गुडूप झालं.

दोनशे वर्षांनी लायडनच्या अल्बिनस या प्रोफेसरने उलट टोक गाठलं. १७४७ साली आलेल्या त्याच्या अ‍ॅटलसची चित्रं यान वांडेलार या चित्रकाराने इतकी सुंदर केली होती की त्यांच्यावर अक्षरं टाकायला अल्बिनसचं मन झालं नाही. त्याने प्रत्येक मोठ्या चित्राच्या जोडीला नुसत्या बाह्यरेषेचं दुसरं चित्र छापलं आणि अक्षरं त्या रेघांच्या चित्रावर टाकली. चित्र बिघडलं नाही हे खरं, पण बघायचं एका पानावर आणि समजायचं दुसऱ्या पानावर अशी फाळणी झाली.

ही फाळणी मोडली हेन्री व्हॅनडाइक कार्टरने. १८५८ साली लंडनला निघालेलं 'ग्रेज अ‍ॅनाटॉमी' जगभर त्याचा लेखक हेन्री ग्रे याच्या नावाने ओळखलं जातं, पण त्यातली ३६३ चित्रं कार्टरची आहेत. कार्टर चित्रकाराचा मुलगा आणि स्वतः डॉक्टर, छपाईसाठी बॉक्सवुडच्या ठोकळ्यांवर उलटी चित्रं काढायचा. त्याच्या चित्रांत हाडाचं नाव हाडावर, रक्तवाहिनीचं नाव रक्तवाहिनीच्या अंगाने, मसलचं नाव मसलच्या पोटावर त्याच्या दिशेने लिहिलेलं आहे. यादी नाही, कोड नाही, दुसरं पान नाही. असं करणारा तो अगदी पहिलाच होता असा माझा दावा नाही, पण एवढ्या मोठ्या पुस्तकात, इतक्या शिस्तीने केलेलं हे काम बघितलं की कळतं ते पुस्तक परीक्षेच्या आदल्या रात्री वाचणाऱ्या पोरांच्या हातात का टिकलं. आणि हा माणूस आपल्या अगदी जवळचा आहे. पुस्तक बाहेर यायच्या आधीच तो मुंबईला निघाला, ग्रँट मेडिकल कॉलेजात अ‍ॅनाटॉमी आणि फिजिऑलॉजीचा प्रोफेसर झाला, जेजे हॉस्पिटलमध्ये काम केलं, साताऱ्याला सिव्हिल सर्जन होता, पुढे ग्रँटचा प्रिन्सिपल झाला, पायाला होणाऱ्या बुरशीच्या रोगावर आणि कुष्ठरोगावर मोठं संशोधन केलं. तीसेक वर्षं महाराष्ट्रात आणि आसपास काढली आणि आपल्याकडे त्याचं नाव किती जणांना माहीत आहे?

त्याला मिळाले एकरकमी १५० पौंड, रॉयल्टी नाही, रॉयल्टी ग्रेला. पहिल्या पानाच्या प्रूफवर कार्टरचं नाव ग्रेच्या बरोबरीने होतं, ते ग्रेने लहान टाइपात करायला लावलं. ज्याने शरीराच्या प्रत्येक भागाचं नाव त्या त्या जागी योग्य मापात लिहिलं त्याचं स्वतःचं नाव टाइप लहान करून मागे ढकललं गेलं. अक्षराचा आकार ही किती गंभीर गोष्ट असते हे मला या एका प्रसंगातून जेवढं कळलं तेवढं कॉलेजच्या टायपोग्राफीच्या तासातही कळलं नव्हतं.

हे सगळं रोमन लिपीचं झालं. आता आपली देवनागरी घ्या, आणि इथे चित्रकाराशिवाय गाडी पुढे जातच नाही.

आपल्या अक्षरावर शिरोरेषा असते. मेडिकलच्या चित्रात नाव आणि अवयव जोडायला एक बारीक आडवी रेघ लागते, लेबलची रेघ. रोमनमध्ये ती रेघ शब्दाजवळ येऊन थांबली की काम झालं. देवनागरीत ती रेघ शब्दाच्या वरच्या बाजूला आली तर ती शिरोरेषेला जाऊन मिळते आणि शब्द लांबलेला दिसतो, किंवा शिरोरेषाच अवयवापर्यंत पोचलेली दिसते आणि बघणाऱ्याला वाटतं ही शरीरातलीच एखादी नस आहे. मी हे मराठी चार्टांवर कितीदा पाहिलंय. यावर उपाय अवघड नाही, लेबलची रेघ शिरोरेषेपेक्षा पातळ ठेवा, ती अक्षराच्या मध्यावर आणा, आणि शब्दाच्या आधी थोडी जागा सोडून तोडा. पण हा उपाय कुणीतरी विचार करून करायला लागतो आणि तो विचार कॉम्प्युटर आपोआप करत नाही. दुसरी अडचण उंचीची. रोमन कॅपिटलमध्ये लिहिलेलं नाव एका पट्टीत बसतं, आपल्याला वर मात्रा, वेलांटी, रफार आणि खाली उकार. मांडीवरून तिरका जाणारा सार्टोरियस घ्या, कमरेच्या पुढच्या हाडापासून निघून गुडघ्याच्या आतल्या बाजूला खाली उतरणारा, शरीरातला सगळ्यात लांब मसल, पण पट्ट्यासारखा अरुंद. त्याच्यावर 'सार्टोरियस' लिहायचं तर 'टो'ची मात्रा आणि तिच्या शेजारचा रफार मसलच्या बाहेर जातात आणि शेजारच्या मसलवर चढतात. अक्षर बारीक केलं तर वाचता येत नाही. मग काय करायचं, तर अक्षरं आडवी पसरवायची, शब्दात अंतर वाढवायचं, शिरोरेषा मसलच्या वळणाप्रमाणे वाकवायची. आणि तसं केलं की एक फार सुंदर गोष्ट होते, वाकलेली शिरोरेषा मसलच्या तंतूंच्या दिशेने धावायला लागते. रोमन अक्षरात ही सोयच नाही. म्हणजे ज्या रेषेने आपल्याला अडवलं तीच रेषा बघणाऱ्याला मसल कुठून कुठे जातो ते सांगते, पण कधी, जर काढणाऱ्याला मसल माहीत असेल आणि अक्षरही माहीत असेल तेव्हाच.

आपल्याकडे देवनागरीवर असा बारीक विचार झालेला नाही असं कुणी समजू नये. बापूराव नाईकांनी देवनागरी मुद्राक्षरांचा अभ्यास खंड काढून मांडला, र. कृ. जोशींनी उभं आयुष्य अक्षरांत घातलं आणि कॉम्प्युटरवरचा मंगल फॉण्ट त्यांच्याच हातचा, गिरीश दळवींनी देवनागरी टाइपच्या अवयवांना नीट नावं देऊन त्यांची रचना मांडली, 'एक टाइप' या संस्थेने मुक्ता आणि बलूसारखे फॉण्ट फुकट वापरायला दिले. माल तयार आहे. तो दवाखान्याच्या भिंतीपर्यंत पोचवणारा माणूस नाही.

माझी भाची विदर्भातल्याच एका कॉलेजात फर्स्ट इयरला आहे. त्यांच्याकडे गॅदरिंगच्या वेळी हाडांपासून अक्षरं बनवायची स्पर्धा होती आणि तिने 'अ‍ॅनाटॉमी' हा शब्द देवनागरीत करायचं ठरवलं. "मामा, तू फक्त अक्षराचं सांग, हाडांचं मी बघते," असं म्हणून ती वही घेऊन बसली. तिने स्वतःवर एक अट घातली होती, सगळी हाडं एकाच माणसाची पाहिजेत, म्हणजे शरीरात जेवढी आहेत तेवढीच वापरायची, आणि मोजमाप खरं ठेवायचं, लहान-मोठं करायचं नाही. मग खरी गंमत सुरू झाली. या शब्दात लांब उभे दंड सहा लागतात, 'अ'चा एक, 'ना'चे दोन, 'टॉ'चा काना एक, 'मी'चे दोन. मांडीचं फीमर दोन, नडगीचं टिबिया दोन, दंडाचं ह्युमरस दोन, बरोबर सहा. पण फीमर सरळ उभं राहत नाही, त्याची मान दांड्याशी साधारण १२५ अंशांचा कोन करते आणि डोकं आतल्या बाजूला वळतं, म्हणून डावं फीमर कुठे वापरायचं आणि उजवं कुठे हे ठरवावं लागलं, नाहीतर डोकं शेजारच्या अक्षरात घुसत होतं. हाडांच्या व्हायव्हात, म्हणजे तोंडी परीक्षेत, पहिला प्रश्न हाच असतो, साइड कोणती. ही पोरगी तो प्रश्न अक्षराच्या गरजेतून सोडवत होती. शिरोरेषेसाठी तिने आधी क्लॅव्हिकल घेतलं, म्हणजे गळ्याखालचं हाड, आणि शिरोरेषा सापासारखी वळवळायला लागली, कारण ते हाड आतल्या दोन तृतीयांशात पुढे फुगलेलं आणि बाहेरच्या एक तृतीयांशात मागे वळलेलं असतं. तिने ते बाजूला ठेवलं आणि पोटरीतलं फिब्युला घेतलं, लांब, बारीक, जवळपास सरळ, ते पुरेना तेव्हा हातातलं अल्ना जोडलं.

खरा पेच आला अर्धचंद्राचा. शब्दात अर्धचंद्र दोन, 'अ‍ॅ'वर आणि 'टॉ'वर. अर्धचंद्राच्या आकाराचं सगळ्यात चपखल हाड म्हणजे हायॉइड, घशाच्या वर, जिभेच्या मुळाशी असलेलं, इंग्रजी यूच्या आकाराचं, जे दुसऱ्या कुठल्याच हाडाशी सांध्याने जोडलेलं नसतं, स्नायूंवर आणि लिगामेंटवर तरंगतं. अक्षराला न चिकटता वर तरंगणाऱ्या अर्धचंद्रासाठी यापेक्षा योग्य हाड शोधून सापडणार नाही. पण हायॉइड शरीरात एकच. दुसऱ्या जागी तिने बराच विचार करून खालचा जबडा बसवला, मॅन्डिबल, तोही घोड्याच्या नालासारखा, पण हायॉइडच्या मानाने केवढा तरी मोठा. एक चंद्र लहान आणि एक मोठा असं झालं. मी म्हटलं अक्षर म्हणून हे बरोबर दिसत नाही, ती म्हणाली, शरीर म्हणून बरोबर आहे, आणि ते तसंच ठेवलं, मला ते पटलं. 'मी'च्या वेलांटीला बरगडी घेतली आणि मग तिच्या लक्षात आलं की बरगडी टेबलावर सपाट बसत नाही, तिला पीळ असतो, म्हणून कागदावर काढताना तिची एक कड दिसते आणि दुसरी लपते. पाठ करून हे तिला आधीच येत होतं, पुस्तकात लिहिलेलंच आहे. पण जे वाक्य म्हणून येत होतं ते त्या संध्याकाळी हातात उतरलं.

कॅनडातल्या वॉटर्लू विद्यापीठाच्या वॅम्स, मीड आणि फर्नांडिस या संशोधकांनी २०१६ साली प्रयोगांतून दाखवलं की शब्द नुसता लिहून काढण्यापेक्षा त्याचं चित्र काढलं तर तो जास्त आठवतो, चित्र चांगलं आलं नाही तरी. अ‍ॅपवाल्यांनी याचं उत्तर द्यावं. मी अ‍ॅपच्या विरोधात नाही, आतली रचना फिरवून बघायला त्यासारखं साधन नाही, कॅडेव्हर, म्हणजे शिकायला मिळणारे मृतदेह, कमी आणि पोरं जास्त असतात तिथे तर ते लागणारच. पण अ‍ॅपवर नाव विचारलं की मिळतं, ते कुठे लिहायचं हा निर्णय तुमचा नसतो. मसल कुठे सुरू झाला आणि कुठे संपला हे ज्याला माहीत नाही त्याला त्याच्यावर नाव लिहिता येत नाही, हात थांबतो, आणि हात थांबला की काय येत नाही ते त्याच क्षणी कळतं. म्हणून जर्नल बंद करू नये, जर्नल बदलावं. आज बऱ्याच ठिकाणी पुस्तकातलं चित्र जसंच्या तसं उतरवून आणायचं, रंग छान भरायचे आणि सही घ्यायची एवढंच होतं, ज्याचा हात चांगला त्याला मार्क चांगले. हे अन्यायाचं आहे. मार्क देखणेपणाला देऊ नका, नाव बरोबर जागी आहे का, रेघ बरोबर ठिकाणी टेकली आहे का, डावं-उजवं बरोबर आहे का याला द्या.

डावं-उजवं म्हणालो तर ही गोष्ट डॉक्टरांच्या पोरांपुरती राहत नाही, ती पेशंटपर्यंत जाते. नागपुरात एका दवाखान्याच्या कॉरिडॉरमध्ये नातेवाइकासोबत बसलो होतो, भिंतीवर मूत्रपिंडाचा फ्लेक्स. शेजारी उमरेडकडचे एक काका, किडनी स्टोनचे पेशंट, ऑपरेशनची तारीख मिळालेली. ते उठून चित्राजवळ गेले, बराच वेळ बघत राहिले आणि मला म्हणाले, "बाबू, डाक्टर म्हंते माहा स्टोन डाव्या अंगाले हाये, अन् इथं त डाव्या बाजूले उजवं लिवलं हाये. काहून?" आता अ‍ॅनाटॉमीचा नियम असा की चित्रातला माणूस आपल्याकडे तोंड करून उभा असतो, त्याचं उजवं ते आपल्या डावीकडे येतं. मेडिकलच्या पोराला हे पहिल्या आठवड्यात सांगतात, काकांना कुणी सांगणार? त्यांच्या मनात शंका आली होती की डॉक्टर चुकीच्या बाजूला तर कापणार नाहीत. भीती खरी होती, चेहऱ्यावर दिसत होती. त्या फ्लेक्सवर फक्त दोन मूत्रपिंडं आणि नळ्या काढलेल्या, ना डोकं, ना खांदे, ना छातीची रेघ. एखाद्या चित्रकाराने बाहेरून नुसती माणसाची बाह्यरेषा आणि चेहरा काढला असता तर हा माणूस आपल्याकडे बघतोय हे अडाणी माणसालाही कळलं असतं. शिवाय 'मूत्रपिंड' शब्दातली 'पि'ची वेलांटी 'प'च्या आधी यायच्या ऐवजी नंतर आलेली, कारण ज्या सॉफ्टवेअरमध्ये तो फ्लेक्स केला त्याला देवनागरी जोडता येत नव्हती, आणि कुणी वाचून बघितलं नव्हतं. लेबलची एक रेघ तर हवेत संपत होती.

डॉक्टर लोक आपापल्या परीने करतात हे मी पाहिलंय. ओपीडीत केसपेपरच्या मागच्या बाजूला पेनाने दोन शेंगा आणि दोन नळ्या काढून समजावतात, आणि पेशंट तो कागद घडी घालून खिशात ठेवतो, घरी जाऊन बायकोला, पोराला दाखवतो. तो कागद म्हणजे पेशंटला मिळालेलं एकमेव वैद्यकीय पुस्तक असतं आणि त्याच्यावर नावं इंग्रजीत, घाईच्या अक्षरात. विदर्भातूनच नाही तर छिंदवाडा, सिवनी, बालाघाटपासून माणसं नागपूरला उपचाराला येतात, त्यांना देवनागरी वाचता येते. शेजारच्या मध्य प्रदेशने ऑक्टोबर २०२२ मध्ये एमबीबीएसची हिंदी पुस्तकं काढली, अ‍ॅनाटॉमी त्यात पहिल्या तीन विषयांत होती, आणि इंग्रजी संज्ञा बऱ्याच तशाच ठेवून देवनागरीत लिहिल्या. मातृभाषेत डॉक्टरकी शिकवावी की नाही हा वाद मी इथे उकरत नाही. पण शिकवणं कोणत्याही भाषेत होवो, चित्रावर देवनागरी अक्षरं येणार हे आता नक्की आहे, चार्टवर येणार, मोबाइलवर येणार, देहदानाच्या माहितीपत्रकावर येणार, आणि ती कशी बसवायची याचं शिक्षण आज ना मेडिकलमध्ये मिळतं ना चित्रकलेत.

अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्सने १९११ साली मॅक्स ब्रोडेल या चित्रकाराच्या हाताखाली वैद्यकीय चित्रकलेचा स्वतंत्र विभाग काढला. आपल्याकडे जुन्या मेडिकल कौन्सिलच्या नियमांतसुद्धा कॉलेजच्या कर्मचाऱ्यांमध्ये आर्टिस्ट आणि मॉडेलर (शरीराचे नमुने बनवणारा) अशी पदं लिहिलेली होती, म्हणजे गरज कागदावर मान्य झालेली आहे. मुंबईत सर जमशेदजी जीजीभॉय या एकाच दानशूर माणसाच्या नावाने हॉस्पिटलही उभं आहे आणि आर्ट स्कूलही. नागपुरात मेडिकल १९४७ पासून आहे, मेयो हॉस्पिटल आहे, एम्स आलं, शासकीय चित्रकला महाविद्यालय आहे, सगळं एका ऑटोच्या अंतरावर.

कला आणि विज्ञान एकत्र आले की सगळं चांगलंच होतं असं मात्र मी म्हणणार नाही. व्हिएन्नाच्या पर्नकोफ या प्रोफेसरचा अ‍ॅटलस १९३७ पासून निघायला लागला, चित्रकारीच्या दृष्टीने त्याच्या तोडीचं काम क्वचित झालंय, आणि त्यातला एरिक लेपियर हा चित्रकार आपल्या सहीत नाझींचं स्वस्तिक काढायचा. नंतरच्या आवृत्त्यांत ती चिन्हं पुसून टाकली. पुढे व्हिएन्ना विद्यापीठाने चौकशी केली तेव्हा निघालं की त्या काळात देहदंड दिलेल्या माणसांचे किमान १३७७ मृतदेह तिथल्या अ‍ॅनाटॉमी संस्थेत आले होते. चित्रातला तो देह कुणाचा होता, त्याने दिला होता की त्याच्याकडून घेतला होता, हे चित्रावर कुठेच लिहिलेलं नव्हतं. आपल्याकडे लोक स्वतःच्या इच्छेने देहदानाचा फॉर्म भरतात, घरचे दुःखात असताना देह कॉलेजपर्यंत पोचवतात. त्या देहासमोर बसून चित्र काढणाऱ्या प्रत्येकाने, तो मेडिकलचा असो की चित्रकलेचा, आधी हे शिकलं पाहिजे. चित्रकलेची पोरं हॉलमध्ये घेताना परवानग्या, कायदा, मोबाइल बाहेर ठेवणं हे सगळं कडक पाहिजे, त्यात सवलत नको.

मागणी काय, तर फार मोठी नाही. प्रत्येक सरकारी मेडिकल कॉलेजने आर्टिस्ट आणि मॉडेलरची किती पदं मंजूर आहेत आणि किती भरलेली आहेत ते जाहीर करावं आणि रिकामी असतील ती भरावीत. फर्स्ट इयरची काही पोरं आणि अप्लाइड आर्टची काही पोरं यांना एका टर्मपुरतं शनिवारी एकत्र बसवावं, एकाने हाड हातात घेऊन सांगायचं, दुसऱ्याने काढायचं, मग अदलाबदल करायची, आणि दोघांनी मिळून नावं बसवायची. त्यातून जे चार्ट निघतील ते भिंतीवर लावायच्या आधी ओपीडीत बसलेल्या पाच-दहा पेशंटना दाखवावेत आणि विचारावं, यात डावं कोणतं. त्यांना सांगता आलं नाही तर चार्ट परत करावा. चार्ट सगळ्या सरकारी दवाखान्यांना फुकट द्यावेत, फाइलसकट, म्हणजे गडचिरोलीच्या किंवा मेळघाटच्या आरोग्य केंद्राला तिथल्या बोलीतली नावं त्यात टाकता येतील. सुरुवात मूत्रपिंडाच्या चार्टपासून करावी आणि तो मार्च संपायच्या आत छापून व्हावा, कारण आपल्या इथे एप्रिल लागला, ऊन तापलं की घाम जातो, पाणी कमी पडतं आणि ओपीडीत स्टोनचे पेशंट वाढतात.